सत्याहत्तर नंबरचं आवतन

डिझेल इंजिनाला खांदा असतो की नाही, आणि असला तर तो कुठल्या बाजूला, हा प्रश्न अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत त्या सालच्या पोळ्यापर्यंत कुणालाच पडला नव्हता. कोळशाच्या इंजिनांची गोष्ट निराळी. ती रुसत, दमत, चढावर कण्हत. त्यांचे ड्रायव्हर त्यांच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलत, म्हणजे बहुतेक वेळा ओरडूनच. डिझेलचं तसं नव्हतं. डिझेल म्हणजे सायन्स. हे वाक्य रुपराव ड्रायव्हरांचं होतं, आणि दिवसातून एकदा तरी ते म्हटल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

रुपराव आधी कोळशावरच होते. मग ट्रेनिंग घेऊन डिझेलवर गेले आणि त्यांचा जन्मच बदलला. पांढरा सदरा, त्याला कडक इस्त्री, खिशाला पेन. ड्युटीवरून परतले तरी सदरा पांढराच. समोरच्या क्वार्टरातले देवाजी अजून कोळशावर होते. ते घरी आले की त्यांची बायको त्यांना दातांवरून ओळखत असे. देवाजी दसऱ्याला आपल्या इंजिनापुढं नारळ फोडत, त्याला हार घालत. ते पाहून रुपराव एकदा चार लोकांत म्हणाले होते, "देवाजी, लोखंड आहे गा ते. लोखंडाले काय समजते?" देवाजी काही बोलले नाहीत. कोळशावरच्या माणसांना वाफ धरून ठेवायची सवय असते.

त्या पावसाळ्यात रुपरावांचे वडील नत्थूजी नरखेडकडच्या गावाहून मोतीबिंदू काढायला नागपुरात आले. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी आली. डॉक्टरांनी बजावलं की एवढ्यात गावी जायचं नाही, वाकायचं नाही आणि गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. म्हाताऱ्यानं सगळं कबूल केलं. पण पोळा तोंडावर आला तसा तो बेचैन झाला. बैलजोडी गावी, धाकट्या मुलाकडे. आणि या घरचा नियम असा की आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत त्यांना पुरणपोळी चारायची. बैल जेवला की मग घर जेवणार. त्याआधी पोळ्याचा घास नत्थूजींनी जन्मात तोंडात घातला नव्हता.

"तुह्या या नागपुरात कोणाचा खांदा चोळू मी?" ते मुलाला म्हणाले. "घरी साधी शेळी नाही."

शेजारचे भैय्याजी हे ऐकत ओसरीवर बसले होते. भैय्याजी रिटायर गार्ड. नोकरी संपली तरी हिरवी झेंडी दाखवायची सवय गेली नव्हती. समोरून जो काही विचार जाईल त्याला ते सोडून देत. त्यांनी नत्थूजींना विचारलं की तुमच्या पोराचा संसार कोण ओढतं? इंजिन ओढतं. मग घरचा बैल कोण झाला?

नत्थूजींना हे इतकं पटलं की त्यांनी पट्टीचा डोळासुद्धा उघडायचा प्रयत्न केला.

रुपरावांनी आधी सायन्स सांगून पाहिलं. मग त्यांनी हिशेब केला. काम पाच मिनिटांचं. सत्याहत्तर नंबरचं इंजिन बिघाड होऊन शेडच्या टोकाला उभं होतं, परवापर्यंत हलणार नव्हतं, आणि तिकडं कुणी फिरकत नाही. म्हाताऱ्याचं मन राहील, आपली इस्त्रीही राहील. ते परवानगीला गेले.

फोरमनसाहेबांनी विचारलं, लोणी मंजूर वंगणांत येतं का? रुपराव म्हणाले, नाही. हळद? तीही नाही. साहेब बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. ग्रीसच्या जागी लोणी लावलं तर वरून विचारणा होईल, आणि लोण्याच्या जागी ग्रीस लावलं तर तुमचे वडील विचारतील, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनीच वाट काढली. चालत्या भागाला न लावता नुसतं बाहेरून चोळलं, तर ते वंगण नव्हेच, ती साफसफाई. आणि साफसफाईला रेल्वेत कुणाची ना नसते.

गुपचूप उरकायचं ठरलं होतं. पण लोणी कमी पडलं म्हणून रुपरावांची बायको शामला शेजारच्या यमुताईंकडे मागायला गेली, आणि यमुताईंना सांगणं म्हणजे प्लॅटफॉर्मवर घोषणा करण्यासारखंच. संध्याकाळी शेडच्या टोकाला अर्धी कॉलनी जमली. यमुताईंनी दोन चादरी जोडून झूल शिवून आणली होती. ती इंजिनाच्या एका पायरीला कशीबशी पुरली.

मग खांद्याचा प्रश्न निघाला. कुणी म्हणालं, खांदा पुढं असतो. कुणी म्हणालं, हे इंजिन दोन्हीकडं धावतं, ह्याचं पुढं कोणतं? भैय्याजींनी छपराकडे बोट दाखवलं. नत्थूजी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "जू जिथं बसते तो खांदा. वजन कुठून ओढते हे?"

डबे जोडायच्या लोखंडी आकड्याकडे सगळ्यांनी पाहिलं. वाद मिटला. रुपरावांनासुद्धा मनातून कबूल करावं लागलं की हे जवळजवळ सायन्सच झालं.

नत्थूजींनी पळसाच्या पानानं लोणी-हळद लावून तो आकडा असा चोळला की लोखंडाला आयुष्यात तेवढी माया मिळाली नसेल. इथं थांबायचं होतं. पण हात एकदा त्या चालीत पडले की तोंड आपलं काम करतंच. म्हाताऱ्यानं इंजिनाला हात जोडले आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

त्याच वेळी आत दुरुस्ती करणाऱ्या फिटरनं हॉर्न वाजतो का ते पाहिलं. वाजत होता.

"हो म्हणाला," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात पाणी होतं. दुसऱ्याचं पट्टीमुळं कळलं नाही.

रुपराव हसत घरी आले. हसण्यासारखी ती शेवटची गोष्ट होती.

पोळ्याच्या सकाळी शामलानं पुरण शिजवलं, वडे तळले, कढी केली. रुपराव रजेवर होते आणि खमंग वासानं घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. ताट वाढून ते शेडकडे निघाले, तर सत्याहत्तर नंबरच्या जागी दोन रूळ आणि यमुताईंची झूल एवढंच उरलं होतं. फिटरचं काम फारच चांगलं झालं होतं. पहाटे इटारसीकडे मालगाडी जायची होती, इंजिन कमी पडत होतं, तेव्हा हेच जोडून पाठवलं.

रुपरावांनी घरी येऊन वडिलांना ही बातमी हळूच सांगितली. वर म्हणाले की आता आपण जेवून घेऊ, ते इंजिन मुळात इटारसीचंच, आपल्या घरी गेलं.

"आवतन देऊन पाहुण्याले उपाशी घालवलं तू," नत्थूजी म्हणाले. "आता मी जेवू कसा?"

"बाबा, गोळी घ्यायची आहे तुमाले."

"गोळी जेवल्यावर. जेवण बैल जेवल्यावर."

म्हातारा भिंतीला टेकून बसला. सासरा जेवत नाही म्हणून शामला जेवेना. बायको जेवत नाही आणि बाप जेवत नाही म्हटल्यावर रुपरावांना एकट्यानं जेवता येईना. तसा त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन एक वडा उचलून पाहिला होता, पण शामलानं नुसतं पाहिलं आणि वडा आपोआप परत ताटात गेला.

दुपारी भैय्याजींनी झेंडी दाखवली. नत्थूजींना एक डोळा, तोही अधू, आणि वाचता येत नाही. डिझेल इंजिनं सगळी एकाच आईची लेकरं. यार्डात दुसरं उभं आहे, तेच परत आलं म्हणून सांगा. रुपरावांना हे आवडलं नाही, पण भूक माणसाकडून काय काय आवडून घेते.

म्हाताऱ्याला धरून नेलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, आकडा चाचपला, बोटं नाकाशी नेली आणि मागं वळून मुलाकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "माहे दोन बैल होते, एकासारखा एक. तुहा आजा मेला त्या दिवशीबी मी एकाच्या नावानं दुसऱ्याले हाक नाही मारली." आणि काठी टेकत एकटेच परत निघाले. रुपरावांचं तोंड एवढंसं झालं.

आता एकच उपाय होता. इंजिन आहे कुठं ते तरी कळावं. रुपरावांनी शेडमधून कंट्रोलला फोन लावला आणि सत्याहत्तर नंबर कुठवर पोचलं ते विचारलं. कंट्रोलरनं विचारलं, काहून? आता पांढऱ्या सदऱ्याचा माणूस काय सांगणार? त्याला जेवायला बोलावलं होतं, असं फोनवर सांगायला तोंड हवं. रुपराव म्हणाले, काही नाही, सहज. कंट्रोलर म्हणाला, सहज म्हणजे? रुपराव म्हणाले, काळजी वाटली. आणि घाईनं फोन ठेवला.

कंट्रोलरच्या खुर्चीत बसून विचार केला तर त्याचंही चुकलं नाही. सणाचा दिवस, ड्रायव्हर रजेवर, आणि तो एका इंजिनाची काळजी करतो, कारण सांगत नाही, घाबरून फोन ठेवतो. याचा अर्थ त्यानं त्या इंजिनाला काहीतरी करून ठेवलं आहे. कंट्रोलरनं ताबडतोब हुकूम सोडला. पहाटेपासून प्रत्येक गाडीला वाट देत रखडलेलं सत्याहत्तर नंबर नरखेडच्या अलीकडे भोरखेडी नावाच्या लहानशा स्टेशनात बाजूच्या रुळावर घातलं गेलं, आणि जवळच कामावर असलेले इन्स्पेक्टर मनोहरराव तपासणीला पोचले. थोड्या वेळानं फोरमनसाहेब स्वतः रुपरावांच्या दारात उभे. त्यांनी विचारलं, तुम्ही इंजिनाच्या आकड्याला काय केलं आहे? तिथं काहीतरी पिवळं गळून राहिलं म्हणतात. पुढच्या पॅसेंजरनं जा आणि साहेबांना सांगा.

"चला," नत्थूजी उठले. "पाहुणा थांबला आपल्यासाठी."

म्हातारा निघाला म्हणून त्याला धरायला शामला निघाली. आरतीचं ताट कोण धरणार म्हणून यमुताई निघाल्या. भैय्याजी निघाले, कारण सल्ला वाटेत लागतो. पुरणपोळ्यांचा मोठा डबा, तुपाची वाटी, कढीची किटली आणि उरलेली लोणी-हळद घेऊन वरात स्टेशनावर आली. पॅसेंजर उभी होती. तिला कोळशाचं इंजिन होतं आणि इंजिनावर देवाजी होते.

देवाजींनी डबा पाहिला, आरती पाहिली, रुपरावांचा सदरा पाहिला. कुठं निघाले, असं विचारलंसुद्धा नाही. कॉलनीत ज्याला ठाऊक नाही असा त्या दिवशी कुणी उरला नव्हता.

पॅसेंजर गाडी आणि भूक यांचं जमत नाही. गोधनीला गाडी थांबली, कळमेश्वरला थांबली, मधे कुठंतरी म्हशी आडव्या आल्या म्हणूनही थांबली. पुरणाचा वास डब्याभर पसरला. समोरच्या बाकावरची बाई आपल्या माणसाला सांगत होती की प्रवासात कोणी काही दिलं तर नाही म्हणू नये. तिकीट तपासनीस आला, तिकिटं तपासून झाल्यावरही तिथंच उभा राहिला. भैय्याजींनी त्याला सगळी हकिगत सांगितली आणि रुपरावांनी खिडकीबाहेर पाहत कपाशीची पाहणी केली. यंदा कपाशी बरी होती.

काटोलला इंजिन पाणी प्यायला थांबलं, तेव्हा नत्थूजींनी डब्यात हात घालून पाहिलं. पोळ्या गार. पाहुण्याला गार वाढायचं म्हणजे न वाढलेलं बरं. शामला रडकुंडीला आली. पहाटेपासून ती चुलीपुढं होती आणि पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. शेवटी रुपराव खाली उतरले, इंजिनापाशी गेले आणि देवाजींकडे न पाहता म्हणाले की थोडी ऊब मिळाली असती तर.

देवाजींनी कोळशाचं फावडं गरम पाण्याच्या नळीखाली धरून चकचकीत धुतलं, त्यावर तूप सोडलं, पोळ्या मांडल्या आणि भट्टीच्या तोंडाशी धरल्या. अशा खरपूस पोळ्या शामलाच्या तव्यावरही झाल्या नव्हत्या, असं यमुताई म्हणाल्या. शामलाला हे आवडलं नाही. देवाजी एवढंच म्हणाले, "डिझेलवर होते काय गा असं?"

रुपरावांनी गरम पोळ्या डब्यात भरल्या. त्यांच्याकडं धरून ठेवायला वाफही नव्हती.

भोरखेडीला सत्याहत्तर नंबर बाजूच्या रुळावर उभं होतं. त्याची अर्धी झाकणं उघडलेली. फिटर आत कमरेपर्यंत शिरलेला. जवळ इन्स्पेक्टर मनोहरराव. उंच, किडकिडीत, हातात काचेची लहान बाटली, बाटलीत पिवळा लगदा. समोरून एक्सप्रेस यायची होती म्हणून पॅसेंजरला तिथं भरपूर थांबा होता, आणि सगळी गाडी खाली उतरून भोवती उभी राहिली. सूर्य संत्र्याच्या बागांवर टेकायला आला होता.

"तुम्ही रुपराव?" साहेब म्हणाले. "इतकी वर्षं झाली नोकरीले, असं ग्रीस मी पाहिलं नाही. इंजिनाच्या आतून कुठूनच येत नाही. घासलं की चांगला वास सुटते. काय आहे हे?"

रुपरावांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. "लोणी, साहेब."

"कशाचं?"

"म्हशीचं."

गर्दीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली. "आणि पिवळं?"

"हळद."

"आणि हा पाला?"

"पळस आहे, साहेब," यमुताईंनी मदत केली. "ताजा होता."

मनोहररावांनी ते आकड्यावर कशासाठी लावलं असं विचारलं. रुपरावांनी कॉलर पुन्हा नीट केली. नत्थूजी काठी टेकत पुढं आले.

"खांदा आहे तो त्याचा, साहेब. पोरगा माहा, पण बोलावलं मी. दिवे लागायची वेळ झाली. पंचनामा मागून करा. याले आधी जेवू द्या."

साहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पट्टीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. मग त्यांनी फिटरला बाहेर यायला सांगितलं.

आता तोंडाचा प्रश्न. खांदा सापडला होता, तोंड सापडलं नव्हतं. भैय्याजी म्हणाले, खाणं जिथून आत जातं ते तोंड, म्हणजे तेलाच्या टाकीचं झाकण. हे ऐकताच मनोहरराव दोन ढांगांत टाकीपाशी पोचले आणि हात पसरून झाकणापुढं उभे राहिले. नोकरी गेली तरी इथून हलणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नत्थूजींनी विचार केला. काल इंजिन हो म्हणालं ते कुठून? हॉर्नमधून. मग तोंड तिथंच.

हॉर्न वर, इंजिनाच्या डोक्यावर. मालगाडीचा असिस्टंट ड्रायव्हर चपळ होता. तो पोळी घेऊन वर चढला आणि त्यानं ती हॉर्नच्या भोंग्यात नुसती टेकवली. साहेबांनी सांगितलं, हॉर्न चालू आहे का बघा, एवढं तपासायचं राहिलं आहे. आतल्या ड्रायव्हरनं दोरी ओढली.

पोळी सरळ उडाली. पॅसेंजरच्या डोक्यांवरून एक चांगला वळसा घेऊन ती मनोहररावांच्या टोपीवर येऊन बसली. तूप कानावरून ओघळलं.

"नाही म्हणाला," नत्थूजी पुटपुटले, आणि ते मटकन खडीवर बसले. "काहून नाही म्हणणार? परक्याच्या हातून खात नसते बैल. ज्याच्या घरचा त्यानं चारावं लागते."

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. रुपरावांनी सूर्याकडे पाहिलं. तो अर्धा गेला होता. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, गोळी नाही, आणि हिरव्या पट्टीखाली गाल ओला. शामला त्यांच्यामागे उभी होती, एका हातानं त्यांचा खांदा धरून.

मग पांढऱ्या सदऱ्याचे, इस्त्रीचे, सायन्सचे रुपराव दातांत पोळी धरून डिझेल इंजिनावर चढले. साऱ्या पॅसेंजरदेखत. देवाजींदेखत. वरच्या काळ्या तेलकटावर गुडघे टेकले, पाय घसरला, पोटावर आडवे झाले. उठून बसले तेव्हा सदरा कोळशावाल्याचा होता. ही पोळी उडता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ती चार घड्या करून भोंग्यात कोंबली. दुसरी मागवली, तीही कोंबली. मुठीनं दाबून बसवली.

"म्हण गा," खालून नत्थूजींचा आवाज आला.

रुपरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं, म्हणाले, "जेवा."

मनोहरराव कानावरचं तूप पुसत म्हणाले, "वाजवा."

ड्रायव्हरनं दोरी ओढली. हवा आली, पुरणात अडली, पोळीच्या पदरांतून वाट काढत बाहेर पडली. आणि संध्याकाळच्या भोरखेडी स्टेशनात सत्याहत्तर नंबरचं डिझेल इंजिन हंबरलं. लांब, ओलं, पोटातून आलेलं हंबरणं. बागेपलीकडे बांधलेल्या दोन बैलांनी माना वर केल्या आणि उत्तर दिलं.

नत्थूजी खडीवरून उठले, आकड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि शामलाला म्हणाले, "वाढ वं मले. लई भूक लागली."

मनोहरराव पाठ करून बराच वेळ उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून त्यांनी गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की सापडलेल्या पदार्थाचा नमुना चाखून पाहणं आवश्यक आहे. त्यांनी नमुना म्हणून चार पोळ्या तपासल्या. ते स्वतःही वरूडकडच्या शेतकऱ्याच्या घरचे निघाले. इंजिन चालवणारे दोघं दुपारपासून अडकून पडलेले, त्यांना बैल राखणाऱ्या गड्याचा मान म्हणून भरपेट वाढलं. तिकीट तपासनीस रांगेत आला. समोरच्या बाकावरची बाई नाही म्हणाली नाही. नत्थूजींनी पोळी कुस्करून, तुपात भिजवून, डोळा मिटून खाल्ली आणि वर गोळी घेतली.

आवतन देणाऱ्या घरानं शेवटी जेवायचं असतं. शामलाला यमुताईंनी ओढून आपल्याबरोबर बसवलं. रुपराव खाली उतरून हात धुऊन आले, तेव्हा डब्यात वाफेचं पाणी आणि किटलीत कढीचा कढीपत्ता शिल्लक होता.

सत्याहत्तर नंबर मालगाडी घेऊन निघालं. इटारसीपर्यंत त्यानं प्रत्येक फाटकावर हंबरत जावं, असं काही इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहून दिलं नव्हतं, पण ते गेलं. पुढं कितीतरी दिवस पांढुर्ण्याकडचे लोक सांगत की पोळ्याच्या संध्याकाळी मालगाडीतून कुणीतरी मोठा बैल नेत होतं. इटारसीच्या फिटरनं भोंग्यातून काय काढलं आणि त्याचं काय केलं, हे कळायला मार्ग नाही.

देवाजींची गाडी पुढं जायची होती, पण पुढच्या मोठ्या स्टेशनात तिला दुसरं इंजिन लागलं आणि देवाजींना परतीची पॅसेंजर मिळाली. तेच इंजिन आणि तेच देवाजी सगळ्यांना घेऊन नागपूरकडे परत निघाले. कुठल्याशा थांब्यावर देवाजी खाली उतरून डब्यापाशी आले. त्यांच्या हातात फडकं होतं, फडक्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. भाकर भट्टीच्या तोंडाशी ठेवून गरम केलेली.

"घे गा," ते म्हणाले. "लोखंडानं ठेवली तुह्यासाठी."

रुपरावांनी ती सगळी खाल्ली. ठेचा फार तिखट होता, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं, असं ते पुढं सांगत. डिझेल म्हणजे सायन्स, हे वाक्य मात्र त्या रात्री त्यांनी म्हटलं नाही, आणि तरी जेवण पचलं.

अजनीला सगळे उतरले. शामला रिकामी भांडी मोजत होती, भैय्याजी पुढच्या वर्षी काय करायला हवं ते यमुताईंना समजावत होते. रुपरावांनी मागं वळून पाहिलं तर वडील नव्हते. नत्थूजी गाडीच्या टोकाला जाऊन पोचले होते. देवाजींचं काळं, घामेजलेलं इंजिन तिथं सुस्कारे टाकत उभं होतं. म्हाताऱ्याच्या हातात लोण्याची वाटी होती आणि तळाशी थोडं उरलं होतं.

"हिनं पोळ्या भाजून देल्या आपल्याले," नत्थूजी म्हणाले. "हिचा खांदा कोरडाच राह्यला." त्यांनी बोटं वाटीत बुडवली, आकड्याला लावली. मग हात जोडले आणि तोंड उघडलं.

रुपराव प्लॅटफॉर्मवरून धावत आले. त्यांनी काळ्या सदऱ्याच्या बाहीनं वडिलांचं तोंड अलगद दाबलं.

"चोळा, बाबा, लागेल तेवढं चोळा," ते धापा टाकत म्हणाले. "मी पण चोळतो. फक्त बोलू नका."